आईबाबांसोबत अलास्काची क्रूझ: आधी नकाशा, मग जहाज

सिएटलच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात आईबाबा येतात, आणि आठवड्याभरात अलास्काच्या क्रूझचा विषय निघतो. निघायलाच हवा. बॅग एकदाच उघडायची, झोपायची खोली रोज तीच, सकाळी पडदा सारला की समोर नवं गाव. गुडघे कुरकुरतात पण फिरायची हौस दांडगी आहे अशा माणसांसाठी याहून चांगला प्रवास आम्हाला माहीत नाही. चुकतं ते वेळेचं गणित. आईबाबा येऊन पोचल्यावर ठरवलेली क्रूझ बहुतेक वेळा कॅनडाच्या व्हिसापाशी अडते. ही तयारी ते पुण्यात किंवा नाशकात असतानाच, जहाज सुटण्याच्या पाच-सहा महिने आधी सुरू करावी लागते.

जहाज सिएटलहून निघतं, अलास्काला जातं, सिएटललाच परत येतं. दोन्हीकडे अमेरिकाच. मग मध्ये कॅनडा कुठून आला? त्याचं कारण १८८६ सालच्या एका अमेरिकन कायद्यात आहे. परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाला फक्त अमेरिकेच्याच बंदरांमध्ये प्रवाशांची ने-आण करता येत नाही, वाटेत निदान एका परदेशी बंदराला लागावं लागतं. मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा, नेदरलँड्स अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून सिएटलहून निघणारं जवळजवळ प्रत्येक जहाज शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला चार-पाच तास थांबतं. २०२१ मध्ये कॅनडाने साथीमुळे बंदरं बंद ठेवली, तेव्हा अमेरिकन काँग्रेसला तात्पुरता वेगळा कायदा करून ही अट शिथिल करावी लागली होती. त्याशिवाय त्या वर्षी सिएटलहून एकही मोठं जहाज अलास्काला जाऊ शकलं नसतं.

भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. ‘आम्ही व्हिक्टोरियाला उतरणारच नाही, जहाजातच बसू’ हे चालत नाही. जहाज कॅनडाच्या हद्दीत शिरतं, त्यामुळे कागद चढतानाच तपासतात. व्हिसा नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरूनच परत जावं लागतं, आणि तिकिटाचे पैसेही बुडतात. अर्ज ऑनलाइन होतो. व्हिसाची फी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांचे व फोटोचे ८५. ठसे १० वर्षं चालतात, आणि व्हिसाही पासपोर्टची मुदत असेल तर बहुधा अनेक वर्षांचा मिळतो. तेव्हा पासपोर्टची दोनच वर्षं उरली असतील तर आधी पासपोर्टचं नूतनीकरण करून घ्यावं. अर्जाला लागणारा वेळ महिन्यागणिक बदलतो. आमचा नियम असा, की क्रूझच्या तारखेआधी चार महिने अर्ज गेलेला असावा, आणि व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात आल्यावरच अमेरिकेचं विमान पकडावं. अमेरिकेत आल्यावरही अर्ज करता येतो, पण मग ठशांची वेळ मिळवणं आणि पासपोर्ट पाठवणं यातच सुटीचे आठवडे जातात.

मुलगा-सून किंवा मुलगी-जावई यांच्या कागदांचं वेगळं बघावं लागतं. ग्रीन कार्ड असलेल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, चालू पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना मात्र लागतो. त्यात पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर घाबरायचं कारण नाही. आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या सरकारी नोंदीची, मुदत चालू असेल आणि कॅनडात ३० दिवसांपेक्षा कमी राहणार असाल, तर जुन्या शिक्क्यावर परत येता येतं, अशी तरतूद आहे. सोबत आय-७९७ (एच-१बी मंजुरीचं पत्र) आणि आय-९४ ची छापील प्रत ठेवावी. चढताना कागद बघणारी मुलं-मुली जहाज कंपनीची असतात, त्यांना हा नियम ठाऊक असेलच असं नाही, म्हणून सरकारी संकेतस्थळावरचं ते पानही छापून जवळ ठेवावं. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

हे मार्गी लागलं की जहाज निवडायचं. इथे बहुतेक जण जाहिरातीतल्या घसरगुंड्या, छोट्या मोटारींचा ट्रॅक, नाट्यगृह बघतात. अलास्काला जहाज दुय्यम आहे. आम्ही आधी नकाशा उघडतो आणि प्रत्येक जहाजाचं वेळापत्रक त्याच्या शेजारी ठेवतो. तीन गोष्टी बघायच्या: कोणत्या बंदरात किती तास, हिमनदी कोणती, आणि जहाज व्हँकुव्हर बेटाच्या कुठल्या बाजूने जातं.

तासांचा फरक मोठा असतो. दोन जहाजं जूनो, स्कॅगवे आणि केचिकन हीच तीन गावं दाखवतात, पण एक जूनोला सकाळी येऊन रात्री निघतं आणि दुसरं दुपारी एकला येऊन आठला निघतं. जूनोला देवमासे आणि मेंडेनहॉल हिमनदी अशा दोन मोठ्या गोष्टी आहेत. सात तासांत वयस्कर माणसांना घेऊन दोन्ही करणं म्हणजे नुसती धावपळ. केचिकनला मात्र सहा तास पुरतात.

हिमनदीचं म्हणाल तर ग्लेशियर बे नॅशनल पार्क असलेला मार्ग मिळाला तर तोच घ्यावा. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी असते, त्यामुळे मोजक्याच कंपन्यांकडे तो मार्ग आहे आणि ती जहाजं आधी भरतात. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या होडीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. हबर्ड हिमनदीही भव्य आहे. बाकीची जहाजं एंडिकॉट आर्म किंवा ट्रेसी आर्म या चिंचोळ्या खाड्यांत जातात. तिथे वाटेत बर्फाचे तुकडे जास्त असले तर कॅप्टन अर्ध्यातून जहाज वळवतो, मे महिन्यात हे जास्त होतं. ट्रेसी आर्मच्या टोकाशी १० ऑगस्ट २०२५ ला प्रचंड दरड कोसळून खाडीत मोठी लाट उसळली. तेव्हा वेळापत्रकात ट्रेसी आर्म लिहिलेलं दिसलं तर प्रत्यक्षात जहाज कुठे नेणार, हे विचारूनच घ्यावं.

आता बेटाची बाजू. सिएटलहून निघणारी मोठी जहाजं साधारणपणे व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. तिथे लाटा लागतात. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून निघणारी जहाजं बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या शांत पाण्यातून जातात आणि दोन्ही बाजूंना डोंगर दिसत राहतात. ज्यांना घाटात एसटीतही मळमळतं त्यांना व्हँकुव्हरहून न्यावं. त्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. व्हँकुव्हरच्या धक्क्याकडे जाताना जहाजाला लायन्स गेट पुलाखालून जावं लागतं. त्याखाली ६१ मीटर उंचीपर्यंतच वाव आहे, त्यामुळे अगदी अवाढव्य जहाजं तिकडे येत नाहीत, आणि आमच्या मते तो तोटा नाही. दुसरं, अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथे जहाजात चढण्याआधीच होते, म्हणून धक्क्यावर दोन तास जास्त धरून जावं आणि रांगेत उभं राहणं जमणार नसेल तर दारातच व्हीलचेअर मागावी.

महिना कोणता? हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. मे आणि जूनचा पूर्वार्ध सगळ्यांत कोरडा, डोंगरांवर बर्फ भरपूर, भाडं कमी. जूनमध्ये जूनोला दिवस १८ तासांचा असतो, रात्री दहापर्यंत उजेड. जुलै-ऑगस्टमध्ये हवा जरा उबदार, नद्यांत सॅमन मासे चढतात आणि त्यांच्यामागे अस्वलं येतात, पण शाळांना सुटी असल्याने दरही चढतात आणि जहाजात लहान मुलांची गर्दी असते. सप्टेंबरमध्ये पाऊस आणि लाटा वाढतात. आईबाबांसाठी आम्ही मेचा शेवटचा किंवा जूनचा पहिला आठवडा धरतो. देवमासे तोवर हवाईहून आलेले असतात.

केबिन निवडताना जहाजाचा आडवा-उभा नकाशा समोर ठेवून नंबर बघूनच घ्यावी. स्वस्तात ‘कुठलीही देऊ’ अशा अटीवर मिळणारी केबिन तरुणांनी घ्यावी, आईबाबांसाठी घेऊ नये. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे सगळ्यांत कमी जाणवतात, जसे झोपाळ्याच्या कडीपाशी कमी आणि पाटावर जास्त. वरच्या आणि खालच्या मजल्यावरही केबिनच असाव्यात. डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, पायाखाली नाट्यगृह असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. लिफ्टपासून पाच-सहा दारं अंतर असावं, त्याहून लांब नको, कारण मोठ्या जहाजाचा बोळ संपता संपत नाही. खिडकी असलेली केबिन घेताना समोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, हे नकाशात बघावं.

चौघांसाठी आम्हाला जमलेली वाटणी अशी: आईबाबांना बाल्कनीची केबिन, आणि बोळात बरोबर समोरची बिनखिडकीची केबिन आपल्याला. ती निम्म्याच्या आसपास भाड्यात मिळते आणि दिवसा सगळे बाल्कनीतच बसतात. चढल्यावर काउंटरवर जाऊन आईबाबांच्या केबिनचं एक जादा कार्ड आपल्याजवळ करून घ्यावं. बुकिंग करतानाच दोन्ही केबिन एकमेकींशी जोडायला सांगाव्यात, नाहीतर रात्रीच्या जेवणाची टेबलं वेगवेगळी येतात.

न्हाणीघराबद्दल आधी सांगून ठेवलेलं बरं. शॉवरची जागा फोनच्या जुन्या बूथएवढी, उंबरठा चार-सहा इंच. तोल जात असेल तर शॉवरसाठी स्टूल बुकिंगच्या वेळीच मागता येतं, फुकट असतं. कमोडला जेट नसतो, बॅगेत एक प्लॅस्टिकचा मग किंवा दाबायची बाटली टाकावी. कमोड हवेच्या दाबावर चालतो, त्यात कागदाशिवाय काही टाकलं तर पूर्ण रांगेतल्या केबिनचं पाणी अडतं.

पैशांचा हिशेब जाहिरातीतल्या आकड्यावर करू नये. तो आकडा एका माणसाचा, तोही केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून. त्यावर बंदरांचे कर येतात, आणि नोकरवर्गाची बक्षिसी माणशी दर दिवशी १६ ते २० डॉलर आपोआप खात्यावर चढते. १७ डॉलर धरले तरी चौघांचे सात दिवसांचे ४७६ होतात. ही रक्कम कापायला सांगता येते, पण आम्ही सांगत नाही. केबिन आवरणारा आणि जेवण वाढणारा माणूस त्यावर घर चालवतो. पूर्ण पैसे भरायची तारीख साधारण ९० दिवस आधीची असते. तोवर भाडं उतरलं तर फोन करून नवा दर मागता येतो. त्यासाठी दर आठवड्याला एकदा दर बघत जावा. त्या तारखेनंतर रद्द केलं तर कापाकापी सुरू होते.

आईबाबांसाठी अमेरिकेत येताना घेतलेला आरोग्य विमा जहाजावर चालतो का, हे पॉलिसीत वाचून बघावं. पुष्कळ पॉलिसी अमेरिकेच्या हद्दीबाहेर चालत नाहीत किंवा फार थोडं देतात. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल थेट आपल्या खात्यावर येतं. गंभीर प्रसंगी हेलिकॉप्टरने किंवा विमानाने रुग्णालयात न्यावं लागतं. जूनो अलास्काची राजधानी असूनही तिथे बाहेरून येणारा रस्ताच नाही, विमान किंवा बोट हेच मार्ग आहेत. म्हणून प्रवासाचा वेगळा विमा घ्यावा. त्यात रुग्ण हलवण्याची रक्कम चांगली मोठी असावी आणि आधीपासूनच्या आजारांचा समावेश असावा. त्यासाठी पहिले पैसे भरल्यापासून ठरावीक दिवसांत, बहुधा दोन-तीन आठवड्यांत, विमा घेण्याची अट असते.

जेवण हा आपल्याकडचा मोठा प्रश्न, आणि तो सुटतो. मोठ्या जहाजांच्या बुफेवर बहुधा रोज एक-दोन भारतीय पदार्थ असतात. डाळ, भात, एखादी रसभाजी. खरी सोय मुख्य डायनिंग रूममध्ये होते. पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटून सांगायचं: शाकाहारी, अंडं चालतं की नाही, कांदा-लसूण चालतं की नाही, तिखट किती. स्वयंपाकघरात भारतीय आचारी बऱ्याच जहाजांवर असतात. आज रात्री सांगितलं की उद्या रात्री पोळी, डाळ, पनीर समोर येतं, कारण त्यांना सामान आदल्या दिवशी काढायचं असतं. रोजच्या रोज पुढच्या दिवसाचं सांगत जावं. जैन जेवण हवं असेल तर महिना-दीड महिना आधी कंपनीला कळवावं. सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं, जेलीत आणि काही थंड गोड पदार्थांत जिलेटिन असतं, थाई रश्श्यात माशाचं सॉस असतं. हे तीन प्रश्न न लाजता विचारावेत. उपासाला फळं, दही, उकडलेला बटाटा, दूध हे सगळं बुफेवर मिळतं, साबुदाणा मिळत नाही.

घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला कोरडा खाऊ चालतो: चिवडा, खाकरा, गरम पाणी घातलं की होणारे पोहे-उपमा. चहाची किटली, इस्त्री, वाढीव वायर यांपैकी काहीही बॅगेत सापडलं तर काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. कारण आगीची भीती, समुद्रावर तिच्याइतकं कशालाच घाबरत नाहीत. त्याच कारणाने निरांजन, उदबत्ती, कापूर काहीही पेटवता येत नाही, हे आईला निघण्याआधीच सांगावं. देवाचा छोटा फोटो आणि जपाची माळ पुरते. गरम पाणी बुफेवर जवळजवळ दिवसभर असतं. चहाचा मसाला आणि एक झाकणाचा थर्मास नेला की सकाळचा चहा बाल्कनीत घेता येतो.

कपड्यांत मऊ लोकर, तिच्यावर पाणी न शिरणारं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे. जुलै असला तरी. गावात १२ ते १८ अंश असतं, पण हिमनदीसमोर वाऱ्याने डेकवर बोटं बधिर होतात. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचं जाकीटच हवं. साडी जेवणाच्या हॉलमध्ये खुलून दिसते, सजून यायच्या संध्याकाळी आवर्जून नेसावी. डेकवर आणि होडीत मात्र सलवार, आतून थर्मल आणि रबरी तळव्याचे बूट. दुर्बीण प्रत्येकी एक असावी. एकीवरून भांडणं होतात, आणि देवमासा कुणासाठी थांबत नाही. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे चार-सहा हूक नेले की ओले जाकीट आणि टोप्या टांगता येतात.

चढायच्या दिवशी मोठी बॅग धक्क्यावर हमालाकडे द्यायची आणि ती केबिनपाशी संध्याकाळपर्यंत पोचते. म्हणून दोन दिवसांची औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक गरम कपडा हातातल्या पिशवीत. चढण्याची वेळ ऑनलाइन नोंदणी करताना निवडायची असते. साडेअकरा-बाराची घेतली तर जेवण जहाजावर होतं आणि गर्दी व्हायच्या आत आईबाबांना लिफ्ट, डायनिंग रूम, डॉक्टर कुठे हे दाखवता येतं. जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत सगळ्यांना सक्तीची असते. सात आखूड आणि एक लांब भोंगा ऐकला की कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जायचं. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली तेव्हा काही प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. तेव्हापासून ती जहाज सुटण्याआधीच घेतात. आईबाबांना सोबत घेऊन त्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालून बघावं, कारण खऱ्या प्रसंगी लिफ्ट बंद असतात.

फोन धक्का सुटण्याआधी फ्लाइट मोडवर. जहाजावर समुद्रातलं महागडं मोबाइल नेटवर्क असतं आणि फोन आपोआप त्याला चिकटतो, मग महिन्याच्या शेवटी शेकड्यांत बिल येतं. दुसरी गोष्ट घड्याळाची. अलास्का सिएटलच्या एक तास मागे आहे. जहाज घड्याळ बदलतं ते रात्री सांगून. बंदरात परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाची असते. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून बाबांच्या हाती द्यावं.

पहिल्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी उघडा समुद्र लागतो. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग थोडा, जहाज सुटायच्या सुमारास घ्यावी लागते. मेक्लिझिन अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळतं, पण त्याने झोप येते. प्रोस्टेट वाढलेला असेल किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्यावं. आलेपाक घरूनच न्यावा, खरंच उपयोगी पडतो. पोट रिकामं ठेवू नये, आणि मळमळ वाटली तर केबिनमध्ये न झोपता मधल्या मजल्यावर उघड्या हवेत क्षितिजाकडे बघत बसावं. पोटाच्या दुसऱ्या त्रासाबद्दलही सांगायला हवं. जहाजावर नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो आणि दारात मिळणाऱ्या हाताच्या जेलने तो नीट मरत नाही. जेवणाआधी साबणाने २० सेकंद हात धुणं हाच उपाय.

बंदरातल्या सहली जहाजाकडून घ्याव्यात की बाहेरून? आमचा हिशेब अंतरावर चालतो. गावापासून लांब जायचं असेल, परत येणं रेल्वेवर किंवा होडीवर अवलंबून असेल, तर जहाजाकडूनच घ्यावी. तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण स्वतः ठरवून गेलो आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं, आणि पासपोर्ट केबिनमध्ये असतो. पाऊल टाकण्याच्या अंतरावरचं मात्र स्वतः बघावं, निम्मे पैसे वाचतात.

जूनोला देवमासे बघायची होडी ऑक बे इथून सुटते. छोटी, २०-३० माणसांची होडी बरी, कठड्याला सगळ्यांना जागा मिळते. बाथरूम आहे का, हे आधी विचारावं. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून १९ किलोमीटरवर आहे. तिथे प्रवासी नेणाऱ्या बसना परवाने मर्यादित असतात, म्हणून तिकीट आधी काढावं. शेजारच्या नगेट धबधब्यापर्यंतची पायवाट जवळजवळ सपाट आहे, जाऊन-येऊन सव्वातीन किलोमीटर. आईबाबा आरामात, बसत-उठत दीड-दोन तासांत करतात.

स्कॅगवेला व्हाइट पासची रेल्वे. १८९८ ते १९०० या काळात, क्लोंडाइकच्या सोन्यासाठी लोटलेल्या गर्दीपायी बांधलेली, तीन फूट रुंदीच्या रुळांची. ३२ किलोमीटरमध्ये जवळजवळ ८७० मीटर चढते. माथेरानच्या गाडीत बसलेल्यांना त्या वळणांची आणि बोगद्यांची चटकन ओळख पटते, फक्त इथे दरीच्या तळाशी बर्फाचं पाणी असतं. जाताना डाव्या हाताच्या खुर्च्या धराव्यात, दरी त्या बाजूला आहे. माथ्यावर इंजिन दुसऱ्या टोकाला जोडतात, खुर्च्यांच्या पाठी उलट्या करतात आणि प्रवाशांना बाजू बदलायला सांगतात, म्हणजे सगळ्यांना दरी मिळते. नुसतं माथ्यापर्यंत जाऊन परत येणारी फेरी पावणेतीन तासांच्या आसपास असते. पुढे कॅनडात उतरणारी फेरी घेतली तर पासपोर्ट सोबत लागतो.

केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आकडा रत्नागिरीच्या तोडीचा, पण तो बारा महिन्यांत वाटलेला, रिपरिप. पाऊस आहे म्हणून जहाजात बसून राहिलात तर हे गाव हुकलं. ओढ्यावर खांबांवर उभी असलेली क्रीक स्ट्रीटची लाकडी घरं धक्क्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच ओढ्यात सॅमन प्रवाहाच्या विरुद्ध उड्या मारताना दिसतात. लिंगित लोकांचे कोरीव टोटेम खांब सॅक्समनला आहेत, टॅक्सीने पंधरा मिनिटं.

हिमनदीच्या दिवशी पहाटे उठावं. ग्लेशियर बेमध्ये जहाज शिरतं तेव्हा नाश्त्याची वेळ असते आणि सगळे बुफेत अडकतात. आदल्या रात्री थर्मास भरून ठेवावा, फळं आणि बिस्किटं खोलीत आणावीत. अडीचशे वर्षांपूर्वी ही सगळी खाडी बर्फाने भरलेली होती. तेव्हापासून बर्फ शंभर किलोमीटरच्या वर मागे सरकलं आहे. म्हणजे सकाळपासून ज्या पाण्यातून जहाज चाललंय तिथे एकेकाळी बर्फच होतं, हे रेंजर नकाशावर दाखवतात तेव्हा आईबाबाही गप्प होतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबतं आणि सावकाश स्वतःभोवती फिरतं, त्यामुळे कुठल्याही बाजूची बाल्कनी चालते. थोडा वेळ बाल्कनी, मग पुढचा उघडा डेक. बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो, आवाज मागून येतो, कारण अंतर वाटतं त्यापेक्षा खूप जास्त असतं. आवाज ऐकून मान वळवली तर कोसळणं संपलेलं असतं. म्हणून कड्याच्या एकाच भागावर, जिथून बारीक तुकडे गळताहेत तिथे, नजर ठेवून उभं राहायचं. मोठा तुकडा बहुधा तिथूनच सुटतो. फोनवरून चित्रण करायचं तर आधीपासून सुरू ठेवावं.

संध्याकाळी जेवण लवकरच्या वेळेला घेतलं तर आठनंतर डेक रिकामा मिळतो आणि उजेड भरपूर असतो. फ्रेडरिक साउंड आणि स्टीफन्स पॅसेज हा पट्टा लागला की पाण्यावर दूरवर पांढरा फवारा शोधायचा, हातभर धुक्यासारखा. तो दिसला की दुर्बीण तिथेच धरून ठेवायची, देवमासा चार-पाच श्वास घेऊन शेपूट वर करून बुडी मारतो. शेपूट पूर्ण वर आली तर पाच-दहा मिनिटं परत दिसणार नाही.

व्हिक्टोरियाला जहाज सातच्या पुढे लागतं, गावाच्या मुख्य बंदरापर्यंत अडीच किलोमीटर. तोवर सगळे थकलेले असतात. अर्धा तास चालून, किनाऱ्यावर बसून परत आलं तरी पुरे. बुचार्ट बाग सुंदर आहे, पण ती २० किलोमीटरहून लांब आहे आणि अंधारात घाईघाईने बघायची नाही.

त्याच रात्री मोठ्या बॅगा दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात. उद्याचे कपडे, औषधं, पासपोर्ट बाहेर काढल्याची खात्री करूनच बॅग लावावी. दर वेळी कुणाचे तरी बूट आत जातात. सकाळी सिएटलला उतरताना व्हीलचेअर हवी असेल तर आदल्या दिवशी काउंटरवर नाव नोंदवावं. त्याच दिवशी विमान असेल तर ते दुपारी बारानंतरचं घ्यावं. अमेरिकेची तपासणी धक्क्यावर होते. आईबाबांना सांगून ठेवावं, की ‘किती दिवस राहणार’ असं विचारलं तर परतीच्या तिकिटाची तारीख सांगायची. तिकिटाची छापील प्रत त्यांच्याच हातात असावी. कॅनडाला जाऊन आल्याने अमेरिकेत राहायचे सहा महिने नव्याने मोजले जातील असं धरून चालू नये. घरी आल्यावर दोन-चार दिवसांत सरकारी संकेतस्थळावर दोघांचं आय-९४ उघडून त्यावरची तारीख बघावी आणि छापून पासपोर्टात ठेवावी.